हुकमांतून जुळलेली नाती: ब्रिटनमधल्या युद्धकालीन कौटुंबिक कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या सार्वजनिक वाचनालयांत एक कपाट हमखास सापडतं. तिथल्या पुस्तकांची मुखपृष्ठं लांबूनच ओळखू येतात: गणवेशातल्या दोन-तीन तरुणी, मागे विटांच्या घरांची रांग आणि वर आकाशात विमानं. या कादंबऱ्यांत दुसरं महायुद्ध असतं, पण रणांगण जवळजवळ नसतं. युद्ध घडतं ते स्वयंपाकघरात, कारखान्यात, रेल्वेच्या फलाटावर. पुरुष दूर कुठेतरी वाळवंटात किंवा समुद्रावर असतात आणि गोष्ट चालते ती मागे राहिलेल्यांची.

समीक्षकांनी या पुस्तकांना कधी फारशी किंमत दिली नाही. बायकांनी बायकांसाठी लिहिलेलं, गोडमिट्ट, योगायोगांनी भरलेलं, असा त्यांच्यावरचा शिक्का. योगायोग खरंच पुष्कळ असतात. परकं मूल दारात येऊन उभं राहतं, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोघी एका खोलीत राहायला येतात, ओळख होऊन महिना होत नाही तोच लग्न लागतं. पण यातले बहुतेक योगायोग लेखिकांच्या डोक्यातून निघालेले नाहीत. ते कायद्यांनी, परिपत्रकांनी आणि कुपनांनी घडवलेले आहेत. १९३९ ते १९४५ या काळात ब्रिटिश सरकारने माणसांना जितकं उचलून इकडचं तिकडे केलं, तितकं त्याआधी कधी केलं नव्हतं. कोणी कोणाच्या घरी राहायचं, कोणी कुठे काम करायचं, किती चहा प्यायचा, कोणाच्या मरणाची बातमी कोणाला कळवायची, हे सगळं सरकारी कचेरीत ठरत होतं. या कादंबऱ्यांतलं प्रेम, कुटुंब आणि मैत्री त्या निर्णयांच्या पोटातून आली आहे.

सुरुवात मुलांपासून झाली. युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, शहरांतल्या मुलांना खेड्यांत हलवायला सुरुवात झाली. तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख माणसं हलली. त्यांत निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, बाकी तान्ह्या बाळांच्या आया, गरोदर बायका, शिक्षक. मुलांच्या कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. कोणत्या गावी जायचंय हे आईबापांनाही ठाऊक नसायचं. मूल पोचल्यावर पत्ता लिहून धाडणार, तोवर वाट पाहायची.

गावच्या सभागृहात मुलांना रांगेत उभं करायचे आणि यजमान येऊन निवडून न्यायचे. शेतकऱ्यांना कामाला हात देतील असे दांडगे मुलगे हवे असत, बायकांना नीटनेटक्या मुली. भावंडांना एकत्र ठेवायला कोणी सहसा तयार नसे. शेवटपर्यंत न निवडलं गेलेलं मूल हा या कथांमधला सगळ्यात ओळखीचा प्रसंग आहे. तो शेकडो लोकांच्या आठवणींत जसाच्या तसा येतो, त्यामुळे त्याला ठोकळेबाज म्हणायला माझं मन धजत नाही. मूल ठेवून घेणाऱ्याला सरकार पैसे देई: एकच मूल असेल तर आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स, जास्त असतील तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. मोकळी खोली असून नकार देणं हा गुन्हा होता. त्यामुळे मूल घरात येई ते दयेपोटी आणि सक्तीपोटीही, आणि पुढे त्या नात्याचं काय व्हायचं ते त्या घरावर अवलंबून. कुठे उपासमार आणि मार मिळाला, कुठे मूलबाळ नसलेल्या बाईला जन्मभराची लेक मिळाली. शहरातल्या गरिबांची मुलं किती खंगलेली आहेत, त्यांच्या अंगावर धड कपडा नाही, हे सुखवस्तू खेड्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं तेही याच आठवड्यांत.

महिने उलटले तरी बॉम्ब पडेनात, तेव्हा आयांनी मुलं परत न्यायला सुरुवात केली. जानेवारी १९४० पर्यंत जवळजवळ निम्मे लोक घरी परतले होते. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर हल्ले सुरू झाले आणि मुलं पुन्हा निघाली. त्याच महिन्यात, १७ तारखेला, मुलांना कॅनडाला नेणारं ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडवलं गेलं. सरकारी योजनेतून निघालेल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. समुद्रापार पाठवण्याची योजना तिथेच थांबली. त्या जहाजावर भारतीय खलाशीही होते आणि त्यांच्यापैकीही कितीतरी जण त्याच रात्री गेले, ही गोष्ट या कथांत अभावानेच येते. कोकणातले आणि गोव्यातले दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश जहाजांवर कामाला होते. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या भारतीय व्यापारी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या सेलर्स होममध्ये आहे आणि ते सुमारे ६ हजार जणांसाठी आहे. त्या प्रत्येकाच्या मागे एक घर होतं, तिथेही कोणी तरी पत्राची वाट पाहत होतं.

मुलांवर या ताटातुटीचा काय परिणाम होतो, याचा विचार युद्ध चालू असतानाच सुरू झाला. जॉन बोल्बी आणि डोनाल्ड विनिकॉट या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी डिसेंबर १९३९ मध्येच, एका सहकाऱ्यासह, वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून इशारा दिला होता की पाच वर्षांच्या आतली मुलं आईपासून तोडू नका. अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकालीन बालगृहं चालवली. तिथे त्यांना दिसलं की आई जवळ असेल तर मूल बॉम्बच्या आवाजातही तग धरतं. ते खचतं ते आई दुरावल्यावर. पुढच्या काळातल्या चांगल्या कादंबऱ्यांना हे नेमकं कळलेलं असतं. सुरक्षित खेड्यातलं मूल रात्री अंथरूण ओलं करतं आणि बॉम्ब पडणाऱ्या शहरातलं मूल भुयारी स्टेशनात आईच्या कुशीत गाढ झोपतं. परत आलेलं मूल आईला ओळखतं, पण तिच्याजवळ जात नाही. हा प्रसंग जिथे लेखिका घाई न करता लिहिते, तिथे ती कादंबरी माझ्या लेखी मोठी होते.

मैत्रीच्या कथांचं मूळ वेगळ्या कायद्यात आहे. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने स्त्रियांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा केला. सुरुवातीला २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि मूलबाळ नसलेल्या विधवा त्याच्या कक्षेत आल्या. सैन्याच्या साहाय्यक दलात जायचं, नागरी संरक्षणात की कारखान्यात, एवढीच निवड त्यांच्या हातात होती. श्रम खात्याने बायकांचे दोन गट पाडले: जिला कुठेही पाठवता येतं ती आणि जिला घर सोडता येत नाही ती. नवरा सैन्यात असलेल्या बाईला सहसा दूर पाठवत नसत. ती गावातल्याच कारखान्यात किंवा बसवर कंडक्टर म्हणून लागे. अविवाहित मुलीला मात्र थेट दुसऱ्या टोकाच्या गावी जायचं पत्र येई. एरवी बापाच्या घरातून थेट नवऱ्याच्या घरी गेली असती अशी मुलगी वसतिगृहात किंवा अनोळखी घरमालकिणीच्या माडीवर राहायला आली. शेजारच्या खाटेवर वेगळ्या प्रांताची, वेगळ्या वर्गाची, वेगळ्या बोलीची मुलगी.

शेतीसाठीची स्त्रियांची सेना जून १९३९ मध्येच पुन्हा उभी राहिली होती आणि ऐन भरात तिच्यात ८० हजारांवर मुली होत्या. गाय कधी न पाहिलेल्या केशकर्तनालयातल्या आणि दुकानातल्या मुली पहाटे धारा काढायला बसल्या. कादंबऱ्यांना ही मंडळी फार आवडतात, कारण त्यांत गंमत आहे, ऊन आहे, शेतकऱ्याचा मुलगा आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या बायकांवर त्या मानाने उशिरा लिहिलं गेलं. तिथे रसायनांनी कातडी पिवळी पडे, स्फोटात बोटं जात, आणि हे सगळं गुपित ठेवायचं असे. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या आयांसाठी सरकारने पाळणाघरं उघडली, युद्धाच्या उत्तरार्धात ती दीड हजाराच्या घरात गेली. युद्ध संपल्यावर त्यांतली बरीचशी बंद पडली, आणि मशीन चालवणाऱ्या बायका पुन्हा चुलीपाशी गेल्या. म्हणूनच या कादंबऱ्यांतल्या मैत्रिणी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात. ते जग तात्पुरतं आहे हे त्यांना ठाऊक असतं.

स्वयंसेवी बायकांची मोठी संघटना १९३८ साली लेडी रीडिंग यांनी उभी केली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या त्या विधवा. त्यांच्या हिरव्या गणवेशातल्या बायका प्रत्येक युद्धकथेत चहाची किटली घेऊन उभ्या असतात. कादंबरीत त्यांची थोडी थट्टा होते, पण घर कोसळलेल्यांना पांघरूण, मुलांना बूट आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांना दोन शब्द द्यायला त्याच पुढे होत्या. लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. मे १९४१ पर्यंतच्या हल्ल्यांत देशभर ४० हजारांहून जास्त नागरिक मेले. तोपर्यंत युद्धात ब्रिटनचे जितके नागरिक मेले, तितके सैनिक मेले नव्हते. आघाडी खरोखरच घरात आली होती.

आणि घर म्हणजे चूल. ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि बेकनवर रेशन आलं. मग मांस, चहा, कपडे, साबण, मिठाई. चहा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास. कपड्यांची कुपनं जून १९४१ मध्ये आली, पहिल्या वर्षाला ६६. आपल्याकडे मुंबईत १९४३ मध्ये रेशन सुरू झालं तेही याच युद्धामुळे. कादंबरीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या घरी तुम्ही राहायला जाता तिथे आपलं रेशनचं पुस्तक घरमालकिणीच्या हाती द्यायचं. म्हणजे भाडेकरू मुली, आसऱ्याला आलेली मुलं, बॉम्बमध्ये घर गेलेली नणंद, या सगळ्यांचं लोणी एका वाडग्यात. रक्ताचं नातं नसलेली माणसं एका ताटाची झाली. अशा कादंबऱ्यांत खाणावळ चालवणारी पोक्त घरमालकीण पुन्हा पुन्हा भेटते, आणि तिच्याभोवती जमणारी पोरंटोरं हेच तिचं कुटुंब असतं. लग्नाच्या केकसाठी सगळी गल्ली साखर आणि सुका मेवा साठवते, हेही पदोपदी येतं. १९४० मध्येच केकवर साखरेचा थर द्यायला बंदी आली, तेव्हा बेकरीवाले पुठ्ठ्याचा पांढरा केक भाड्याने देत आणि त्याखाली छोटासा खरा केक दडवलेला असे. लग्नाचा एकच पोशाख पाच-सहा वधूंच्या अंगावर चढे.

लग्नं तर झालीच, धडाधड झाली. १९४० साली इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४ लाख ७० हजार लग्नं लागली. तोवरचा हा उच्चांक होता. नवरा दोन दिवसांच्या रजेवर, मग तीन-चार वर्षं बेपत्ता. पत्रं महिनोन्‌महिने रखडत, म्हणून १९४१ मध्ये पत्राचा सूक्ष्म फोटो काढून फिल्म विमानाने पाठवायची सोय निघाली. पलीकडे ती मोठी करून छापत. प्रेमपत्र आधी सेन्सॉर वाचणार, मग छायाचित्रकार, मग ती. तरी बायकांनी त्यातही लिहिलं. 

त्या काळातच लिहिलेल्या कथांपैकी मॉली पँटर-डाउन्स यांची १९४२ ची एक कथा मला फार जवळची आहे. एका विवाहित सैनिकाची प्रेयसी. तो आफ्रिकेला जातो, आणि तिच्या लक्षात येतं की त्याचं काही बरंवाईट झालं तर तार त्याच्या बायकोला जाणार. तिला कळवायला कोणीच बांधील नाही. सगळी कथा एवढ्या एका नियमावर उभी आहे. जवळचं माणूस कोण, हे सरकारी अर्जावरच्या एका ओळीने ठरवलं होतं, आणि त्या ओळीत न मावणारी किती माणसं त्या वर्षांत मूकपणे शोक करत राहिली असतील!

पँटर-डाउन्स लिहीत होत्या त्या अमेरिकन नियतकालिकासाठी. ब्रिटनमध्ये कागदाचाच तुटवडा होता; प्रकाशकांना युद्धापूर्वीच्या वापराच्या काही टक्केच कागद मिळे. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनची पुस्तकपेठ, पॅटर्नॉस्टर रो, जळाली आणि लाखो पुस्तकं राख झाली. तरी, किंबहुना म्हणूनच, लोकांनी वाचलं. ब्लॅकआउटच्या, दिवे झाकलेल्या लांब रात्री, निवाऱ्यातली मेणबत्ती आणि खिशात मावणारी पातळ पुस्तकं. त्या वेळचं बरंचसं लेखन मात्र मध्यमवर्गीय घराभोवती फिरतं. ‘मिसेस मिनिव्हर’चं मूळ १९३७ पासून ‘द टाइम्स’मध्ये येणाऱ्या शांततेच्या काळातल्या स्फुटांत होतं, हॉलिवूडने १९४२ मध्ये त्यावर युद्धपट काढला, त्याला सहा ऑस्कर मिळाली आणि जगाच्या मनात ब्रिटिश गृहिणीची एक प्रतिमा पक्की बसली. फुलांची बाग, मोठं घर, मोलकरीण. एलिझाबेथ बोवेन यांनी स्वतः हवाई हल्ल्याच्या पहारेकरी म्हणून काम केलं आणि लंडनच्या रात्रींवर अप्रतिम लिहिलं, पण त्यांचीही माणसं त्याच वर्गातली.

गिरणीतली, गोदीतली, धुणं धुणारी बाई कथेच्या मध्यभागी यायला तीस-चाळीस वर्षं लागली. का, याचं उत्तर पुन्हा कागदपत्रांतच आहे. आपण जगलो त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्या बायकांना वाटत नव्हतं, आणि विचारणारंही कोणी नव्हतं. १९६९ मध्ये अँगस काल्डर यांनी सामान्यांच्या युद्धाचा मोठा इतिहास लिहिला. १९७२ मध्ये युद्धकाळातली सरकारी दप्तरं खुली झाली. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्क या केंद्राचं गुपित १९७४ मध्ये फुटलं. तिथे काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि त्यांनी तीस वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. १९८१ मध्ये बॅरो-इन-फर्नेसच्या नेला लास्ट या गृहिणीची रोजनिशी छापली गेली. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या सामान्य माणसांचं रोजचं जगणं टिपणाऱ्या, १९३७ साली निघालेल्या उपक्रमासाठी तिने ती लिहिली होती. मुलांची काळजी, नवऱ्याचा अबोला, स्वयंसेवी केंद्रात मिळालेला आत्मविश्वास. युद्धाने मला माझं आयुष्य दिलं, असं मानणारी ही बाई नंतरच्या कितीएक नायिकांची आजी शोभते.

यांत मी आणखी एक तारीख घालते, जिचा उल्लेख साहित्याच्या चर्चेत क्वचित होतो. १९७५ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या दत्तक मुलांना सज्ञान झाल्यावर आपला मूळ जन्मदाखला मागायचा हक्क मिळाला. युद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, तिथल्या दर शंभर जन्मांत नऊहून अधिक जन्म विवाहबाह्य होते. त्यांतली कित्येक मुलं दत्तक गेली, कित्येकांना आजीने आपलंच म्हणून वाढवलं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तिशीतली ही माणसं आपल्या आया शोधत दारं ठोठावू लागली, आणि त्याच सुमारास, कष्टकरी वस्त्यांतल्या घराण्यांच्या दीर्घ कादंबऱ्यांना बहर आला. कॅथरीन कुकसन ही त्यांची सम्राज्ञी. ती १९०६ साली ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी विवाहबाह्य जन्मली आणि आपली आई ही आपली थोरली बहीण आहे, असं समजत लहानाची मोठी झाली. वर्षानुवर्षं ब्रिटिश वाचनालयांतून सर्वाधिक नेली जाणारी लेखिका तीच होती. तिच्या नंतरच्या लेखिकांनी तोच साचा युद्धकाळाला लावला: बंदराचं गाव, एक गल्ली, तीन मैत्रिणी, आणि कपाटात दडवलेला जन्मदाखला. दाखला हाच कथेचा गाभा का असतो, हे या तारखेमुळे उमगतं. १९९० पासून आलेली एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांची कॅझलेट कुटुंबाची मालिका वरच्या वर्गातली, पण तिथेही मुलींनी ओठ मिटून सोसलेलंच उलगडत जातं.

२००० नंतर या प्रवाहाला पूर आला. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात लोकांकडून युद्धाच्या आठवणी मागवल्या, तेव्हा सुमारे ४७ हजार कहाण्या जमल्या. कादंबरीकारांसाठी ती खाणच ठरली. त्याच काळात ‘शांत राहा, काम चालू ठेवा’ हे सांगणारं १९३९ चं भित्तिपत्रक जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडून जगभर कपांवर छापलं गेलं. छापून पडलेल्या लाखो प्रतींपैकी युद्धकाळात फारच थोड्या भिंतीवर लागल्या होत्या. तेव्हा कोणी न पाहिलेलं वाक्य आज त्या पिढीचं ब्रीद म्हणून ओळखलं जातं. कमअस्सल कादंबऱ्याही हेच करतात. रेशन आणि बॉम्ब त्यांच्यासाठी सजावट होते. ३ मार्च १९४३ रोजी बेथनल ग्रीनच्या भुयारी स्टेशनाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसं मेली, त्यांत ६२ मुलं. त्या संध्याकाळी तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता, आणि चौकशीचा अहवाल बराच काळ दाबला गेला. पडलेल्या घरांत चोऱ्या होत, काळा बाजार होता. १९४७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ६० हजारांवर घटस्फोट झाले. फलाटावरच्या त्या मिठ्यांचा हिशेब असा चुकता झाला. शेवटच्या पानावर नवरा परत येतो आणि सगळं सुरळीत होतं, असं लिहिणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड केलेला असतो.

अमेरिकन सैनिक जानेवारी १९४२ पासून यायला लागले आणि नॉर्मंडीच्या चढाईपर्यंत त्यांची संख्या १५ लाखांच्या आसपास गेली. सुमारे ७० हजार ब्रिटिश मुली त्यांच्याशी लग्न करून अमेरिकेला गेल्या. वधूंचं पहिलं मोठं जहाज जानेवारी १९४६ मध्ये साउदॅम्प्टनहून सुटलं. या वधूंवर भरभरून लिहिलं गेलं आहे. त्याच सैन्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांवर प्रेम करणाऱ्या मुलींवर मात्र कितीतरी वर्षं कोणी लिहिलं नाही. सैनिकाला लग्नासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे आणि गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या कृष्णवर्णीयाला ती जवळजवळ कधीच मिळाली नाही. अशा जोडप्यांची सुमारे २ हजार मुलं ब्रिटनमध्ये जन्मली. लग्न होऊ शकलं नाही म्हणून ती विवाहबाह्य ठरली, रंगामुळे दत्तकही फारशी गेली नाहीत. काहींना आजीने वाढवलं, बरीच अनाथाश्रमांत वाढली. आता ऐंशी ओलांडलेल्या त्यांच्यापैकी काहींनी आपल्या हकिकती इतिहासकारांना सांगितल्या आहेत.